बेताच्या पैशांत बर्फाची शाळा

आपला मराठी माणसांचा आणि बर्फाचा संबंध तसा बेताचाच. भुशात गुंडाळलेली लादी, रसवंतीच्या पेल्यात तरंगणारे दोन खडे, शाळेच्या फाटकाशी मिळणारा काला खट्ट्याचा गोळा आणि ताप चढला म्हणजे कपाळावर ठेवायची पिशवी, एवढ्यात तो आटोपतो. बर्फ ही विकत आणायची आणि वितळायच्या आत संपवायची वस्तू, अशीच आपली समजूत. त्याच्यावर उभे राहायचे, पायांना दोन लांब पट्ट्या बांधायच्या, डोंगरावरून खाली घसरत यायचे आणि एवढे करून वर पैसेही मोजायचे, हा उद्योग युरोपातल्या धनिकांचा किंवा हिंदी चित्रपटांतल्या नायकांचा! पुण्यातल्या पगारदार कुटुंबाने त्या वाटेला जाऊ नये.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही त्या वाटेला गेलो, आणि आमच्या ऐपतीत बसवून गेलो. परत आल्यापासून ओळखीपाळखीची मंडळी भेटतात. बर्फ कसा होता हे ती नंतर विचारतात, आधी विचारतात, "खर्च किती आला हो?" मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. त्याचेच उत्तर येथे जरा विस्ताराने देते आहे.

ह्या बेताचे मूळ आमच्या शेजाऱ्यांच्या छायाचित्रांत आहे. ते कुटुंब सिमला-मनालीला जाऊन आले होते. आठ दिवसांत सहा गावे, रोज सकाळी सामान बांधायचे, रोज रात्री सोडायचे. बर्फावर मंडळी किती वेळ होती, तर सगळी मिळून चाळीस मिनिटे! भाड्याचा कोट, भाड्याचे बूट, आणि पायांत स्की अडकवून दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी धरलेले चिरंजीव. छायाचित्र झकास आले होते.

आमची कन्या तेव्हा अकरावीत होती. छायाचित्रे पाहून घरी आल्यावर तिने विचारले, "बाबा, ह्या चाळीस मिनिटांना इतके पैसे पडले, तर आठवडाभर नीट शिकायला किती पडतील?"

आमचे हे एका सहकारी बँकेत आहेत. असा प्रश्न ते हवेत सोडत नाहीत. त्यांनी वही काढली आणि दोन रात्री बसून जो हिशेब मांडला, त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसली. सहलीत पैसा खातो तो फिरणे. रोजची वेगळी मोटार, रोजचे वेगळे हॉटेल, रस्त्यावरची महागडी जेवणे, आणि आलोच आहोत तर हेही पाहू म्हणून फाडलेली तिकिटे. एका जागी बिऱ्हाड टाकून राहिले, तर तोच पैसा दुप्पट दिवस पुरतो. आमचे निम्मे नियोजन ह्या एका वाक्यात आले.

उरले निम्मे. त्यात पहिला प्रश्न जागेचा. स्वित्झर्लंडचे नाव चिरंजीवांनी घेतले आणि विमानाच्या भाड्यापाशीच सोडले. आपल्या देशात बर्फावर घसरण्याची ठिकाणे मोजकीच आहेत. त्यांत ज्येष्ठ म्हणजे काश्मीरमधले गुलमर्ग. तेथे इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली स्की क्लब काढला. सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे ते पठार नवशिक्यांना फार सोयीचे. केंद्र सरकारची स्कीइंग शिकवणारी संस्थाही तेथे आहे. वर अफरवटच्या डोंगरावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेणारा दोन टप्प्यांचा गोंडोला आहे, पण तेथले उतार मुरलेल्या लोकांचे. हिमाचलात मनालीजवळचे सोलंग आहे, सिमल्यापलीकडचे नारकंडा आहे. आणि उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या डोक्यावर औली आहे.

आम्ही औली निवडले ते तीन कारणांनी. हरिद्वारपर्यंत रेल्वे जाते आणि तेथून पुढे साधी बस मिळते, म्हणजे विमानाचा खर्च वाचतो. दुसरे, गढवाल मंडल विकास निगम तेथे हिवाळ्यात सात आणि चौदा दिवसांचे स्कीइंगचे वर्ग चालवते. राहणे, जेवण, साहित्य आणि शिक्षक हे सगळे एका फीमध्ये येत असल्यामुळे हिशेबाला फाटे फुटत नाहीत. आणि तिसरे कारण सासूबाईंचे. त्या तरुणपणी बद्री-केदारची यात्रा करून आल्या आहेत. जोशीमठचे नाव ऐकताच म्हणाल्या, "मग जाच. नृसिंहाला माझा नमस्कार सांगा. मी आठ दिवस धाकट्याकडे राहीन." आमच्या घरात ह्यापुढे चर्चा होत नाही.

दुसरा प्रश्न तिथींचा. आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि हिमालयातला बर्फ ह्यांचे पंचांग जुळत नाही. दिवाळीत बर्फ पडलेला नसतो, मे महिन्यात राहिलेला नसतो. नाताळात थोडाफार असला तरी गर्दीमुळे भाव चढलेले असतात. खरा भरवशाचा काळ जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या आरंभापर्यंतचा. म्हणजे मुलांची शाळा बुडवणे आले आणि आम्हां दोघांना रजा घेणे आले. चिरंजीव आठवीत होते, कन्येच्या मानगुटीवर बारावीचे भूत बसायला अजून चार महिने होते. हे वर्ष गेले असते तर पुढची तीन वर्षे ह्या ना त्या परीक्षेत गेली असती. फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा ठरला.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड होता. एका वर्षाची आवर्ती ठेव आणि माझ्या भिशीचे पैसे मिळून जी रक्कम होत होती, तिच्यात चौघांची फी बसत नव्हती. तिघांची बसत होती. चौघांनी जायचे तर तीन दिवस नुसते पाहून परत यायचे, नाहीतर तिघांनी आठवडाभर शिकायचे आणि एकाने काठावर बसायचे.

काठावर कोण बसणार ह्याविषयी कोणाला शंका नव्हती. मलाही नव्हती. पोहण्याचा तलाव असो, पाळणे असोत की किल्ल्याचा शेवटचा कडा असो, सर्वांच्या चपला, घड्याळे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी एक बाई प्रत्येक कुटुंबात असते, आणि आमच्या कुटुंबात ती मी. चिरंजीव तर सरळच म्हणाले, "आई काय शिकणार? ती पडेल."

हे वहीतून डोके वर न काढता म्हणाले, "पडू दे. तिघांत तिचे नाव लिहिले आहे. माझे गुडघे डॉक्टरांनी आधीच मोडीत काढलेत. मी फ्लास्क सांभाळतो."

मी पुष्कळ आढेवेढे घेतले. वयाचे कारण सांगितले, चव्वेचाळीस म्हणजे काही पंचवीस नव्हे. पण फी भरल्यावर जे भरले ते वाया घालवायचे नाही, हाही मध्यमवर्गीयांचा एक धर्मच आहे.

पैसे भरून झाले आणि जानेवारी सुरू झाला. त्या वर्षीचा जानेवारी वाचकांना आठवत असेल. काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत हिमालय कोरडा पडला होता. गुलमर्गच्या पांढऱ्या उतारांवर तपकिरी गवत दिसत असल्याची छायाचित्रे रोज वर्तमानपत्रांत येत होती. आदल्या वर्षी, २०२३ च्या फेब्रुवारीत, औलीला ठरलेल्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या होत्या, हेही आमच्या कानांवर आले. सकाळी चहाबरोबर आम्ही औलीचे हवामान पाहत असू, आणि ठेव बुडत चाललेल्या माणसासारखे हे गप्प बसत. अखेर जानेवारी संपता संपता आणि फेब्रुवारी उजाडता बर्फ पडला. आमच्या घरात त्या दिवशी गोडाचा शिरा झाला.

पुण्याहून संध्याकाळी झेलम एक्स्प्रेस निघते ती मनमाड, भुसावळ, भोपाळ, झांशी करत दुसऱ्या रात्री दिल्लीला पोचते. सव्वीस-सत्तावीस तासांचा प्रवास, पण घरच्या दशम्या, लसणाची चटणी आणि तिळाच्या वड्या ह्यांच्या जोरावर तो स्वस्तात पार पडतो. दिल्लीहून रात्रीच्याच गाडीने हरिद्वार, म्हणजे हॉटेलची एक रात्र वाचली. हरिद्वारहून ऋषिकेश २५ किलोमीटरच्या आसपास, आणि ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५०. हा आकडा पाहून मुंबई-पुण्याच्या माणसाने पाच तासांचा अंदाज बांधू नये. त्या रस्त्याला दहा-बारा तास लागतात, डोंगरात रात्री बस चालत नाही, म्हणून ती अगदी पहाटे सुटते. ऋषिकेशला मुक्काम करून पहाटेची बस धरणे हाच मार्ग. वेगळी मोटार केली असती तर आमच्या प्रवासखर्चाचा आकडा दुप्पट झाला असता.

आणि बसमधून जे दिसते ते मोटारीतून कमी दिसते अशातला भाग नाही. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा भेटतात आणि तेथून पुढे तिला गंगा म्हणायचे. रुद्रप्रयागला मंदाकिनी येऊन मिळते. जिम कॉर्बेटने १९२६ साली नरभक्षक बिबट्या मारला तो ह्याच भागात, हे कळताच चिरंजीव खिडकीला चिकटले. कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी. एकेका नदीबरोबर दरी अरुंद होत जाते आणि बसमधली बोलणी कमी होत जातात. पाचवा विष्णुप्रयाग जोशीमठच्या पलीकडे आहे. शेजारच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी मुलांना पेरू दिले आणि आमची सगळी माहिती काढून घेतली. तेवढ्यापुरते अगदी पुण्याच्या बसमध्ये बसल्यासारखे वाटले.

जोशीमठला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सुमारे १,९०० मीटर उंचीवरचे हे गाव आद्य शंकराचार्यांच्या चार पीठांपैकी एक. ज्योतिर्मठ हे त्याचे मूळ नाव तहसिलीला २०२४ मध्ये अधिकृतपणे पुन्हा मिळाले. बद्रीनाथाचे दरवाजे हिवाळ्यात बंद होतात तेव्हा शंकराचार्यांची गादी येथल्या नृसिंह मंदिरात येते. सकाळी आम्ही सासूबाईंचा नमस्कार पोचवायला गेलो. ह्या नृसिंहाविषयी अशी आख्यायिका आहे, की मूर्तीचे एक मनगट दिवसेंदिवस बारीक होत चालले आहे. ते तुटेल त्या दिवशी डोंगर एकमेकांना भिडतील आणि बद्रीनाथाची वाट कायमची बंद होईल.

आख्यायिका ऐकून बाहेर पडलो आणि गल्लीतल्या घरांच्या भिंती पाहिल्या. जानेवारी २०२३ मध्ये ह्या गावाखालची जमीन खचू लागली. आठशेहून अधिक घरांना तडे गेले, कितीतरी कुटुंबांना थंडीच्या दिवसांत घरे सोडावी लागली. आम्ही गेलो तेव्हा वर्ष उलटून गेले होते. काही भिंतींवर तडे तसेच होते आणि काही दारांवर लाल रंगातल्या फुल्या दिसत होत्या. हे गाव जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसले आहे, येथे जड बांधकामे करू नका, असे सरकारनेच नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ सालीच सांगून ठेवले होते. जोशीमठहून औलीला नेणारा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे जमीन खचल्यावर बंद करण्यात आला होता, आणि आमच्या वेळीही तो बंदच होता.

आम्ही जिथे चहा घेतला त्या टपरीवाल्याला कन्येने विचारले, "आम्ही इथे मौजेसाठी आलो, ते तुम्हांला बरे वाटते का?" मला जरा अवघडल्यासारखे झाले. पण तो शांतपणे म्हणाला, "बिटिया, पिछले साल कोई नहीं आया था." एवढेच बोलून त्याने स्टोव्हला पंप मारला.

तेव्हापासून मी पुष्कळदा ह्यावर विचार केला आहे. वर नवी काचेची हॉटेले हवीत, खोलीत चोवीस तास गरम पाणी हवे, दारात मोटार हवी, असे म्हणणारा प्रवासी त्या डोंगरावर भार घालतो. बसने येणारा, सामाईक जीपने वर जाणारा, आहे त्या इमारतीत चौघांत एका खोलीत राहणारा, टपरीवर चहा पिणारा आणि गावातल्याच माणसाकडून शिकणारा प्रवासी कमी भार घालतो. आम्ही काटकसर केली ती आमच्या खिशाकडे पाहून. पण आमच्या खिशाला जे परवडत होते तेच त्या डोंगरालाही परवडणारे होते, हे मला जोशीमठने शिकवले.

औली जोशीमठहून रस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटर. सामाईक जीप वळणे घेत देवदार आणि ओक ह्यांच्या रानातून वर चढते, आणि सुमारे २,५०० मीटरच्या पुढे एकदम आकाश मोकळे होते. समोर नंदादेवी. ७,८१६ मीटर. तिच्या शेजारी हत्ती पर्वत, अलीकडे द्रोणागिरी. मारुतीने संजीवनीसाठी उचलून नेला तो हाच पर्वत अशी श्रद्धा आहे, आणि त्याच्या पायथ्याच्या द्रोणागिरी गावात आमचा डोंगर नेला म्हणून मारुतीची पूजा करत नाहीत, असे सांगतात. मारुतीवर राग धरणारे गाव मी जन्मात प्रथमच ऐकले!

आमच्या वर्गात सोळा जण होते. गुरुजी तिशीतले, जवळच्याच गावचे. उन्हाळ्यात ते गिर्यारोहकांबरोबर वाट दाखवायला जात आणि हिवाळ्यात शिकवत. पहिल्या दिवशी त्यांनी शिकवले काय, तर पडायला. घसरत असताना तोल जातोय असे वाटले, तर पुढे किंवा मागे पडू नये. कुशीवर, चढाच्या बाजूला पडावे. मग दोन्ही स्की उताराला आडव्या करून, काठ्यांचा आधार घेऊन उठावे. "गिरना आ गया, तो आधा काम हो गया," ते म्हणाले. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. इतकी वर्षे मीही शिकवते आहे, पण वर्गाची सुरुवात नापास कसे व्हावे ह्याने करण्याचे मला कधी सुचले नाही.

दुसरा धडा थांबण्याचा. दोन्ही स्कींची टोके जवळ आणायची, टाचा बाहेर फाकवायच्या, म्हणजे पायांखाली नांगराच्या फाळासारखा आकार होतो आणि वेग आवरला जातो. इंग्रजीत ह्याला स्नो-प्लाऊच म्हणतात. माहेरी आमची शेती होती हे येथे उपयोगी पडेल असे वडिलांना स्वप्नातही वाटले नसते. तिसरा धडा वळण्याचा. ज्या बाजूला वळायचे, तिच्या उलट बाजूच्या पायावर भार टाकायचा. उजवीकडे जायचे तर डाव्या पायावर! बुद्धीला हे पटते, पायांना पटत नाही.

चिरंजीव पहिल्या दोन दिवसांत सर्वांच्या पुढे गेले आणि सर्वांत जास्त पडले. कन्या वहीत आकृत्या काढून शिकली. मी भीत भीत, एकेक वळण मोजत उतरत होते. गुरुजी खालून ओरडत, "दीदी, स्की को मत देखिए, जहाँ जाना है वहाँ देखिए!" मला वाटते हे एक वाक्य घेऊन मी घरी आले असते तरी फी वसूल झाली असती.

संध्याकाळी शेकोटीभोवती गुरुजी गोष्टी सांगत. स्की हा शब्द नॉर्वेजियन. नान्सेनने १८८८ साली सारे ग्रीनलंड स्कीवरून पार केले. भारतातर्फे हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्याने उतरला तो जेरेमी बुजाकोव्स्की, १९६४ साली इन्सब्रूकला. २०२२ मध्ये बीजिंगला गेला तो काश्मीरचा आरिफ खान. औलीलाही २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, त्यांच्यासाठी वर तळे बांधले आणि कृत्रिम बर्फाची यंत्रे आणली. हे सांगताना त्यांचा आवाज खुलत असे.

चौथ्या दिवशी ऊन फार चढले. दुपारी आमच्या उतारावर बर्फाचा चिखल झाला आणि कडेला दगड डोके वर काढू लागले. गुरुजींनी वर्ग लवकर सोडला. आम्ही त्यांच्याबरोबर खाली चालत आलो तेव्हा ते आपणहून बोलले. त्यांच्या लहानपणी डिसेंबरमध्येच बर्फ पडून तो मार्चपर्यंत टिके. आता वाट पाहावी लागते. बर्फ आला नाही तर वर्ग नाहीत, वर्ग नाहीत तर हिवाळ्याची मिळकत नाही. "यंत्रे आहेत ना?" ह्यांनी विचारले. ते हसले. कृत्रिम बर्फालाही आधी थंडी लागते, म्हणाले. आम्ही एक महिनाभर हवामान पाहत धास्तावलो होतो ते वर्षभराच्या बचतीपायी. त्यांची ही धास्ती दर वर्षीची आहे. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, गुलमर्गच्या खेलो इंडिया स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलल्या गेल्याचे वाचले, तेव्हा मला त्यांचा चेहरा आठवला.

आणि आमचे हे? ते सकाळी आम्हांला उतारावर पोचवून गोरसोंच्या बुग्यालाकडे, म्हणजे वरच्या कुरणाकडे, जमेल तेवढे चालत, आणि परत येऊन फ्लास्क घेऊन उभे राहत. चपला, घड्याळे, हातमोजे सारे त्यांच्याकडे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे काम वाटते तेवढे सोपे नाही. सगळ्यांचे मोजे वेगवेगळ्या रंगांचे का घेतले नाहीस?"

सहाव्या रात्री बर्फ पडला. सकाळी उठलो तर सगळे डाग पुसून डोंगर कोरा करकरीत. शेवटच्या दिवशी गुरुजींनी आम्हांला चेअरलिफ्टने वर नेले. वरून खाली पाहिल्यावर माझ्या पोटात गोळा आला. परत त्याच खुर्चीत बसून उतरावे असा विचार मनात आला हे कबूल करते. मग नजर दूरवर लावली, नांगर धरला आणि निघाले. डावा पाय, उजवा पाय, डावा पाय. वारा कानांत घुमत होता. सोळा वळणे मी मोजली. शेवटी थांबले तेव्हा मी उभीच होते.

चिरंजीव माझ्यामागून आले, माझ्यापासून दहा हातांवर आपटले, आणि बर्फातून तोंड वर काढून म्हणाले, "आई, तू एकदाही पडली नाहीस?"

"नाही," मी म्हटले. ह्यांनी काहीच न बोलता चहाचा पेला पुढे केला. त्यांचा हात थंडीने थरथरत होता असे ते सांगतात.

आता पुन्हा हिशेबाकडे. ह्यांच्या वहीप्रमाणे आमचा एकूण खर्च माझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा थोडा वर गेला. त्यातल्या प्रत्येक रुपयाचे वाटे असे पडले: तिघांचा वर्ग, राहणे आणि जेवण धरून, ५२ पैसे, रेल्वे, बस आणि जीप २४ पैसे, ह्यांचे औलीतले राहणे-जेवण ९ पैसे, कपडे ७ पैसे, वाटेतला मुक्काम आणि खाणे ५ पैसे, औषधे आणि विमा ३ पैसे. म्हणजे निम्म्याहून अधिक रुपया शिकण्यावर गेला. शेजाऱ्यांच्या सहलीत हाच वाटा मोटारीचा होता.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. फीचे दर हंगामागणिक बदलतात, ते निगमाकडून दिवाळीनंतर लगेच मागवावेत. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडते, म्हणजे फेब्रुवारीसाठी डिसेंबरात तयार असावे. जाडजूड कोट विकत घेऊ नयेत. वरचा जलरोधक कोट आणि विजार भाड्याने मिळते. आत लोकरीचे पातळ थर घालावेत. जीन्स आणि सुती बनियन अजिबात नको, ते भिजले की वाळत नाहीत. बुटांत मोज्यांची एकच चांगली जोडी घालावी. दोन घातल्या की पाय आवळतात आणि अधिकच गारठतात. उन्हाचा चष्मा आणि तोंडाला लावायचे मलम ह्यांत काटकसर करू नये, बर्फावरून ऊन दुप्पट होऊन परत येते. पहिला दिवस उंचीची सवय होण्यासाठी मोकळा ठेवावा, पाणी भरपूर प्यावे. आणि परतीच्या तिकिटाआधी एक दिवस राखून ठेवावा, कारण बर्फ पडला तर रस्ता बंद होतो. आमचा तो दिवस वापरावा लागला नाही, म्हणून हरिद्वारला गंगेच्या घाटावर गेला.

आणखी एक गोष्ट, जी वहीत कोणत्याच रकान्यात बसत नाही. पैसे सर्वांना पुरत नसतील आणि कोणाचे तरी नाव गाळावे लागणार असेल, तर ते नेहमीच्याच माणसाचे गाळू नये. एकदा फ्लास्क दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देऊन पाहावा. पुढच्या वर्षीची आवर्ती ठेव आमच्याकडे सुरू झाली आहे, आणि ह्या खेपेला गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारून यायचे ह्यांनी कबूल केले आहे.